ट्रक जोलीनला, खोकी कर्टिसला

मी, अर्लीन कुचेरा, कै. लॅडी कुचेरा यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा गुरे पाळणे, राहणार ड्राय फोर्क, नेब्रास्का, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्याच्या आधीच्या हिवाळ्यात मला मेंदूचा एक छोटा झटका येऊन गेला, हे मी लपवत नाही. त्याने उजव्या पायाला थोडी बधिरता आली, अकलेला नाही. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. मात्र मी रागावलेली आहे. राग म्हणजे वेड नव्हे आणि रागात लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याला चालते, हे वकीलबाईंना विचारून घेतले आहे. लॅडी असताना केलेले जुने मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते.

कलम १. माझी सर्व कुरणे, पवनचक्क्या, कुंपणे आणि गुरे माझा एकुलता एक मुलगा कर्टिस यास मिळावीत. त्याने हिमवादळात वासरे सोडवली आहेत, बापाच्या आजारपणात सगळे गवत एकट्याने कापले आहे. जमिनीवरचा त्याचा हक्क घामाचा आहे. तो हक्क रागाने पुसता येतो का, हे मी चार महिने प्रयत्न करून पाहिले. येत नाही.

कलम २. राहते घर कर्टिस आणि माझी सून जोलीन या दोघांच्या नावे व्हावे. जिन्याखालची खोली जोलीनची. तिथे कर्टिसने मासेमारीचे सामान ठेवू नये.

कलम ३. माझा पिकअप ट्रक, डिझेल, रंग लाल, वरून बसवलेल्या सगळ्या भागांसह, माझी सून जोलीन हिला एकटीला मिळावा. कर्टिसला त्यात वाटा नाही. या कलमावर भांडण होणार हे मला माहीत आहे, म्हणून ते नीट लिहिते.

तो ट्रक आम्ही कोरा घेतला. लॅडीचा एक नियम होता: इंजिन उघडायचे नाही. ताकद वाढवायची ती बाहेरून, बोल्टांनी जोडता येईल एवढीच. तो म्हणायचा, "जे बोल्टानं बसतं ते बोल्टानं निघतं. उद्या ट्रक विकायचा झाला तर आलेला तसा परत करता आला पाहिजे." म्हणून दर हिवाळ्यात आम्ही एकेक भाग मागवला. आधी हवा ओढणारी मोठी नळी आणि फिल्टर, मग रुंद एक्झॉस्ट, मग हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर, मग इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, तेल लावून, खोक्यात घालून कोठाराच्या माळ्यावर ठेवला. सगळ्यात शेवटी ट्यूनर आणला. हे हातात मावणारे यंत्र स्टिअरिंगखाली जोडले की इंजिनाला किती डिझेल मिळावे ते ठरवते. एक ट्यूनर एका वेळी एकाच ट्रकशी बांधलेला असतो. तो ट्रक मूळ सेटिंगवर आणून सोडवला, तरच दुसऱ्याला जोडता येतो.

लॅडीचा पंजा फावड्याएवढा. इंटरकूलरच्या मागचा बोल्ट त्याला कधी सापडलाच नाही. तिथे माझाच हात जायचा, आणि त्याची खूण अजून माझ्या मनगटावर आहे. तरी जिल्ह्याच्या जत्रेत दरवर्षी भोंग्यावरून एकच घोषणा व्हायची: "आता येतोय लॅडी कुचेराचा ट्रक, चालवतेय त्याची बायको!" लॅडी गेल्यावरही दोन वर्षे हीच घोषणा झाली. माझ्या मृत्यूच्या बातमीत "अर्लीन कुचेराचा ट्रक" असे छापावे. ही विनंती नाही, अट आहे.

जत्रेतल्या शर्यतीत ट्रकला वजनाचा गाडा बांधतात. आपण जसजसे पुढे जाऊ तसतसे गाड्यावरचे वजन पुढे सरकते आणि ट्रकला जमिनीत दाबते. जिथे ट्रक थांबेल तिथे निशाण लावतात. या शर्यतीत माझा वैरी म्हणजे मर्ल हॅनराहन. त्याचा ट्रक हिरवा. इतकी वर्षे तो मला सुरुवातीच्या रेषेवर एकच प्रश्न विचारत आला, "अर्लीन, बॉनेटखाली इंजिन आहे की शिवणयंत्र?" आणि मी सांगत आले, "शिवणयंत्रच आहे. तुझं तोंड शिवायला आणलंय."

गेल्या वर्षी झटक्यानंतर डॉक्टरांनी मला जूनमध्ये गाडी चालवायची परवानगी दिली. लेखी दिली. पाय हलतो, जोर लागतो, शर्यतीलाही हरकत नाही, असे त्यांनी कर्टिससमोर सांगितले. तो मान डोलावत होता. ऑगस्टमध्ये मी जत्रेत उतरले. झेंडा पडला, पाय दाबला, आणि ट्रक उठलाच नाही. काळा धूर नाही, पाठीला धक्का नाही. समोर एक्झॉस्टच्या उष्णतेचा काटा असतो. इंजिनाला डिझेल भरपूर मिळाले की तो लाल रेषेकडे धावतो. त्या दिवशी तो निम्म्यावर येऊन बसून राहिला.

काटा चढत नाही याचा अर्थ आमच्यातले कोणीही एकच लावेल, चालवणाऱ्याने पाय पुरता दाबलेला नाही. मीही तोच लावला. मला वाटले, माझा बधिर पाय खोटे बोलतोय. मला दाबल्यासारखे वाटतेय, पण तो दाबत नाहीये. मी दोन्ही हातांनी गुडघा खाली रेटला. सगळ्या जिल्ह्याने ते पाहिले. गाडा थांबला आणि मर्लच्या निशाणाच्या बराच अलीकडे माझे निशाण लागले.

मर्ल आला. मी टोमण्याची वाट पाहत होते. टोपी काढून तो म्हणाला, "छान ओढलंस हं, अर्लीन." आयुष्यात मला कोणी एवढे लागेलसे बोलले नव्हते.

कर्टिस माझ्यासाठी वाडगाभर गरम चिली आणि दालचिनी रोल घेऊन आला. पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं गं असं, आई. वय झालं आता. जरा हळू घे."

मी हळू घेतले. गुरुवारी पत्ते खेळायला जाणे सोडले, कारण त्यासाठी पंधरा मैल गाडी चालवावी लागे आणि माझा पायावर विश्वास उरला नव्हता. गुरे बाजारात नेणे कर्टिसकडे दिले. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकू लागले. चर्चमध्ये लोकांनी माझ्यासाठी दार धरले की मी मुकाट्याने आत जाऊ लागले. मी एका हिवाळ्यात म्हातारी झाले, आणि कोणाच्या शब्दावर? एका काट्याच्या.

मार्चमध्ये मी ट्रक विकायला काढला. ब्रोकन बो गावचा एक माणूस घ्यायला तयार होता. आमच्यात ताकद वाढवलेला ट्रक अनोळखी माणसाला तसाच विकत नाहीत. आधी ट्यूनरने मूळ सेटिंगवर आणतात, नाही तर पहिल्याच वळणावर तो कुंपणात जातो. मी ट्यूनर खणातून काढला, जोडला, मूळ सेटिंगचे बटण दाबले. पडद्यावर अक्षरे आली: गाडी आधीच मूळ सेटिंगवर आहे.

मी किल्ली काढली, परत घातली, पुन्हा दाबले. तीच अक्षरे. म्हणजे जत्रेत माझा पाय खोटे बोलला नव्हता, ट्रकची ताकदच कोणीतरी आधी उतरवून ठेवली होती. मग हुंदका आला, आणि त्याच्या मागोमाग जो संताप आला तो अजून गेलेला नाही.

ट्यूनर कुठे असतो आणि कसा वापरायचा हे लॅडीनंतर दोनच माणसांना माहीत होते. त्यातली एक मी. त्या रविवारी जेवायच्या टेबलावर मी कर्टिसच्या ताटाशेजारी ट्यूनर ठेवला. त्याने घास ताटात ठेवला.

"आई, ऐकून घे. जत्रेच्या आठवड्यात मी ऑइल बदलायला आलो होतो ना..."

"तेव्हा केलंस."

"तुला झटका येऊन गेला होता! तू त्या गाड्याला बांधून एवढी ताकद सोडणार, मधेच काही झालं असतं म्हणजे? बाबा गेले. आता तुला मैदानावरून उचलून आणायचं होतं का मी?"

"डॉक्टर हो म्हणाले होते. तुझ्यासमोर."

"डॉक्टरांची आई नव्हती ना त्यात."

"मग मला विचारायचंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाही म्हणायचा हक्क आहे म्हणूनच विचारतात माणसाला, गाढवा!"

जोलीनला यातले काहीच ठाऊक नव्हते. ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, "अख्खा हिवाळा तू त्यांना काठी आणून देऊ का विचारत होतास, कर्टिस. काठी!" मग तिने त्याचे ताट उचलले आणि बाहेर पडवीत नेऊन ठेवले. मार्चची थंडी होती. तो तिथे बसून जेवला.

कर्टिस, हे तुझ्यासाठी लिहिते, कारण तोंडाने सांगायला गेले की मी ओरडते. तू माझ्या जिवाला भ्यालास हे मला कळते. भ्यायचे तेवढे भी, मुलाने आईसाठी भ्यावेच. मला शर्यतीत हरवलेस त्याचेही काही नाही, हरणे मला नवीन नाही. पण त्यानंतर पुढचा सगळा हिवाळा मी माझ्याच पायाला शिव्या देत होते, आणि तू समोर बसून ऐकत होतास. एक वाक्य पुरले असते. ते तू बोलला नाहीस. याची मी तुला माफी देत नाही. मृत्युपत्रात तरी खोटे लिहायचे नसते.

कलम ४. माळ्यावरची सर्व खोकी, म्हणजे मूळ फिल्टर, मूळ एक्झॉस्ट, मूळ इंटरकूलर आणि मूळ टर्बो, कर्टिसला मिळावीत. त्याला ट्रक जसा फॅक्टरीतून आला तसा हवा होता. तो त्या खोक्यांत आहे.

कलम ५. हत्यारांपैकी पान्यांचा मोठा संच कर्टिसला. लांब दांडीचा पाना जोलीनला, कारण इंटरकूलरच्या मागचा बोल्ट त्यानेच निघतो आणि तिचा हात माझ्याएवढाच आहे. ही मुलगी ओमाहाची, लग्नाआधी तिने गाय जवळून पाहिली नव्हती. मी तिला पहिल्यांदा ट्रकमधून खिंडीच्या चढावर नेले तेव्हा ती ओरडली होती, "आई, अजून जोरात!" कर्टिस लहानपणी आम्हा दोघांच्या मधे बसायचा आणि त्याच चढावर म्हणायचा, "आई, हळू." यात कोणाचा दोष नाही. पण ट्रक कोणाला द्यायचा ते यावरून ठरते.

कलम ६. बँकेत जे असेल त्यातून जत्रेच्या मैदानावर शर्यतीच्या शेडजवळ बायकांसाठी शौचालय बांधावे. इतकी वर्षे मी डुकरांच्या गोठ्यापलीकडे जात आले. कमिटीने दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हटले. पाटीवर माझे नाव नको. बाकी उरेल ते जोलीनकडे.

कलम ७. मर्ल हॅनराहन यास काहीही नाही. तो या पत्राचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकीलबाई म्हणाल्या. खरी गोष्ट कळल्यावर तो गेल्या वर्षीचा कप घेऊन माझ्या दारात आला आणि अंगणातूनच बोंबलला, "मूळ सेटिंगवर तू तिथवर गेलीस? मग मी जिंकलो ते कोणाला हरवून?" कप पडवीच्या खांबाशी आपटून निघून गेला. तो कप त्याचाच आहे, तेव्हा परत करणे ही देणगी नव्हे.

कलम ८. ट्यूनर माझ्याबरोबर दफन करावा. मार्चमध्येच मी ट्रक पुन्हा ताकदीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवला आहे. ट्यूनर माझ्या हातात देऊन पेटी बंद करावी. मोठ्या शहरात नेऊन ट्रकचे सेटिंग पुसता येईल, हे मला ठाऊक आहे. पण त्याला मालकाची सही लागते, आणि मालकीण जोलीन आहे. तिला विचारावे लागेल.

कलम ९. माझी शवपेटी चर्चपासून टेकडीवरच्या दफनभूमीपर्यंत त्याच ट्रकच्या हौद्यातून न्यावी. ट्रक जोलीनने चालवावा आणि कर्टिसने तिच्या शेजारी बसावे. चढ लागला की जोलीनने पाय तळापर्यंत दाबावा. काळा धूर निघेल, फादरना ठसका लागेल, लागू दे. काटा लाल रेषेकडे जाताना कर्टिसने डोळे उघडे ठेवून बघावे.

आणि बाळा, तेव्हा "आई, हळू" म्हणायचे नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, माझ्या मर्जीने लिहिले आहे. मरायची घाई नाही. शनिवारी जत्रा आहे आणि मी नाव नोंदवले आहे, डॉक्टरांना आणि पायाला दोघांनाही विचारून. कर्टिसलाही सांगितले आहे. विचारलेले नाही.

सही: अर्लीन कुचेरा
ड्राय फोर्क, नेब्रास्का. गुरुवार, १ ऑगस्ट २०२४

आम्ही दोघांनी अर्लीन कुचेरा यांना वरील सही करताना समक्ष पाहिले. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. रागात होत्या, पण तो नेहमीचा होता.

साक्षीदार: डोलोरेस पिशेल, वकीलबाईंच्या कचेरीतील कारकून

साक्षीदार: मर्ल हॅनराहन. शनिवारी भेटू, अर्लीन. यंदा टोपी काढणार नाही.