वायमारातला दुखवटा

वायमार, जर्मनी

जिवलग दोस्त रामहरी यास इंदापूरच्या मकसूदचा रामराम आन् सलाम, आवडंल तो ठेवून घे. आक्कावहिनींची कंबर कशी हाय? सांगवीतला ऊस गेला का अजून तोडणीच्या टोळीचीच वाट बघतोयस? मी पोरापाशी, मोईनपाशी, खुशाल हाय. (हितल्या जेवणात तिखट सोडून बाकी सगळं असतं.) फोनवर तुझ्या योगिनीचं नाव काढलं की तुझी रेंज जाती, म्हणून हे पत्र. अक्षराकडं बघू नको, मजकूर वाच.

एवढी शिकली आन् लोकं हिंडवायला लागली, असं म्हणून तू दिवाळीपासून लेकीशी बोलणं टाकलंस. तर ती काय करती ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आलो. हे गाव जुन्या कवी-गवयांचं. ते पायी फिरून दाखवायचं, आन् फेऱ्याही तऱ्हेतऱ्हेच्या. एक झाडांची, एक कांद्याच्या बाजाराची, एक तर चक्क भुतांची. योगिनीकडं कवींच्या घरांची फेरी. परवा तिची परीक्षाच व्हती म्हण ना. हापिसातली एक दांडगी बाई मागनं चालून बघणार, फेरी पसंत पडली तर नोकरी कायम. योगिनीनं मला बजावलं, चाचा, गप मागनं चाला. मी कधी गप बसलोय का, तूच सांग. पण कबूल झालो.

पहिल्याच दारात तिनं छत्री वर धरून सांगितलं (मला हळूच मराठीत), की हितं हे कवी वारले. आता मयताच्या दारात जाऊन उभ्याउभ्या माघारी फिरायची आपल्यात रीत हाय का? मी मान खाली घालून पायरीवर टेकलो. वारून दोनशे वर्षं झाली असतील, पण माझ्या कानावर आजच आलं ना. माझं बघून फेरीतला गुडघे धरलेला एक म्हातारा टेकला, मग त्याची म्हातारी टेकली, आन् बघता बघता सगळी जर्मनी पायरीवर. मी डोळं पुसायला चष्मा काढून बाजूला ठेवला, तर हापिसातली बाई नेमकी त्याच्यावर बसली. दुसऱ्या दारात परत तेच. तिसऱ्या दारात तर माझ्याआधी लोकंच जाऊन बसली. रामहरी, ह्या गावात कवींनी मरायचं एकही घर सोडलेलं न्हाय.

योगिनीच्या तोंडचं पाणी पळालं. (ती म्हणती, पळालं नव्हतं. पळालं व्हतं.) निम्मी घरं बाकी, वेळ सरत आलेली. मला लई वाईट वाटलं, पोरीच्या नोकरीवरच मी बसलो की काय. तवा तिनं काय करावं? जीभ टाळूला लावून आवाज काढला. तुझा बाप गेणबा बसलेली मेंढरं उठवायला काढायचा, अगदी तोच. सगळी जर्मनी उठली, हापिसातल्या बाईसकट. पुढं छत्री, मागं कळप. गुडघेवाला म्हातारा मागं पडला की ती थांबायची, तो आल्याबिगर तोंड उघडायची न्हाय. तुझं घराणं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलं, आन् तू म्हणतोस पोरीनं नाव घालवलं.

शेवटी बाईनं लोकांना विचारलं, फेरी कशी वाटली. म्हातारा म्हणाला, दरवेळी मी पोचेस्तवर गोष्ट संपलेली असती, आज पहिल्यांदा सगळी ऐकली. नोकरी कायम झाली. निघताना मी कुणालाच 'येतो' म्हणालो न्हाय, दुखवट्याची रीत पाळली. लोकांना वाटलं मी रुसलोय.

तुझा,
मकसूद

ता.क. खरं काम निराळंच. हितल्या पायऱ्या लई गार. तुझ्या माळ्यावर गेणबाची घोंगडी पडून हाय, ती पाहिजे. पोस्टानं धाडू नको, हरवंल. स्वतः घेऊन ये. तिकीट-व्हिसाचं मोईन बघतोय.

आणखी ता.क. चष्मा अजून दुरुस्त झाला न्हाय. मोईनला मराठी लिहायचा कंटाळा. म्हणून मी सांगतोय आन् लिहितंय दुसरंच कुणीतरी. तू पहिल्या ओळीलाच वळखलं असशील, ते अक्षर पाटीवर तूच गिरवून घेतलं व्हतंस. तरी हितपर्यंत वाचलंस, रामहरी.

आबा, घोंगडी राहिली तरी चालंल. तुमी या.
योगिनी