साक्रीची चौकशी

९ फेब्रुवारी
शेजारच्या कुंदाबाईंच्या लेकीचं, भूमिकाचं लग्न जमतंय. मुलगा साक्रीकडचा, प्रेमराज. रविवारी साखरपुडा. चौकशी केली का, विचारलं. म्हणाल्या, "मामाने केली." मामा काय करणार! फोन लावला असेल बसल्या जागी.

माझ्या लेकीच्या, रूपाच्या लग्नाच्या वेळी मीही असाच बसून राहिलो. ती मार खाऊन परत आली, तेव्हा गल्लीतले चौघे म्हणाले — आम्हाला माहीत होतं. माहीत होतं! मग तोंडं शिवली होती का?

११ फेब्रुवारी
साक्रीला जाऊन आलो. घरी सांगितलं, दवाखान्यात जातो. त्या मुलाच्या गावात चहाच्या टपरीवर विचारलं. दोघं हसले — "प्रेमराज? गुत्त्यावर बघा, आबा!" पुरे झालं. सातवी शिकलोय, पण एवढं कळतं.

आल्या आल्या कुंदाबाईंना सांगितलं. भूमिकासमोरच.

१४ फेब्रुवारी
मोडलं. पोरगी वाचली.

२० फेब्रुवारी
त्या गावात प्रेमराज दोन! दारुडा तो चाळिशीचा, दुसऱ्याच गल्लीतला. भूमिकासाठी बघितलेला मुलगा माळकरी. बापाचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही.

कुंदाबाई फाटकात उभ्या राहून, सगळी कॉलनी ऐकेल अशा आवाजात — "तुमले कोनी सांगेल व्हतं, आबा?" माझा मुलगा जितेंद्रही त्यांच्याच बाजूने. "गेलातच कशाला? पिंप्राळ्यात तोंड कुठे दाखवायचं आम्ही?" माफी मागायला गेलो. कुंदाबाईंनी दार लावून घेतलं.

३ मार्च
भूमिका स्कूटीवरून जाते. माझ्याकडे बघत नाही.

१९ एप्रिल
भूमिकाचं एरंडोलला ठरलं. मुलगा अभिमन. एकदा मोडलेलं, म्हणून घाई.

आज स्टँडवर जीवराम भेटला, एरंडोलचा. कापसाच्या जिनिंगमध्ये माझ्याबरोबर कामाला होता. मी विचारलं नाही. शपथ, नाही विचारलं! तोच बोलला — "अभिमन आमच्याच गल्लीतला. पहिली बायको भाजलेला हात घेऊन माहेरी गेली. गावात कोणी बोलत नाही."

या वेळी बापाचं नाव विचारलं. आजोबाचंही. तोच हा अभिमन.

घरी येऊन तोंड उघडलं तर जितेंद्र म्हणाला, "परत सुरू केलंत तर तुमचं ताट वेगळं, आबा."

२ मे
आज हळद. कुंदाबाई स्वतः बोलवायला आल्या. "व्हयनं ते व्हयनं, आबा. जेवाले या."

गेलो. भूमिका पाया पडली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी. भाजी दोनदा घेतली.