रेवाचं भूत आणि माझी सवत

मंगळवार, संध्याकाळ

आज पुस्तक संपलं. चौथी शिकलेल्या बाईनं अख्खी कादंबरी वाचली, म्हणून नातीनं, सईनं, मला बर्फी भरवली. लई मजा आली वाचताना. रेवा नावाची विधवा पोरगी, तिच्यावर जीव लावणारा डॉक्टर, आणि रोज तिच्यापाशी येऊन बसणारं नवऱ्याचं भूत. शेवटी ती डॉक्टरचा हात धरते.

सई म्हणाली, "आजी, तू टीम डॉक्टर की टीम भूत?"

"भूत."

"अगं, तो मेलाय."

"मेला म्हणून काय झालं? हक्क त्याचा आधीचा."

बोलले खरी, पण मग मेथी निवडताना हात थांबला. मी ह्यांची दुसरी. लग्नात सासूबाईंनी वारलेल्या पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, सवत कोपू नये म्हणून. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग मी नेसायची. चाळीस वर्षं. टाकावर चेहरा असा नव्हताच, नुसते दोन डोळे. ह्यांना वाढताना वाटायचं, पाठीमागं कोणीतरी उभं हाय.

आता हे जाऊन तीन वर्षं झाली. म्हणजे तिकडं ते दोघंच. मग मी गेले की मधे येणारी कोण, मीच ना?

इतक्या वर्षांत तिला कधी हाकच मारली नाही मी. तिथं पोचले की आधी "अक्का" म्हणीन. ती "ये" म्हणाली तर बरं.