विश्रामबागेतली रिकामी माडी

प्रिय तारा,

सप्रेम जयभीम.

'प्रिय' हे मी तुला पहिल्यांदाच लिहितोय. पलटणीत होतो तेव्हा लिहायची लाज वाटायची. तुला वाचायला येत असूनही पत्र आधी माझ्या वडिलांच्या हातात पडायचं, आणि ते आळीभर वाचून दाखवायचे. आता मधे कुणी नाही. आता लिहायला हरकत नाही, आणि आता तू वाचणार नाहीस. काय हे!

आज का लिहितोय? आज सकाळी अण्णा आले होते. विश्रामबागेतले, माडीवाले अण्णा. आपल्या दारात! तू असतीस तर त्यांना दारातनंच काय विचारलं असतंस, ते मला तोंडपाठ आहे. मला तसं जमलं नाही. त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला शिसारी आली. कुणाशी बोलू? कामावरच्या लोकांशी बोलून उपयोग नाही. कराडच्या अक्काला सांगितलं तर ती म्हणेल, "मी तवाच सांगितलं हुतं." म्हणून तुझ्याशी बोलतोय.

पण ते नंतर. आधी तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

पलटण सोडून टेलिफोन खात्यात लाईनमन म्हणून लागलो, तेव्हा साहेबांनी विचारलं होतं, "वाई, कराड, सांगली. तीन ठिकाणी जागा आहेत, कुठली हवी?" मी कराड म्हणणार होतो. अक्का तिथं, आपली माणसं तिथं, गाव जवळ. तू पदर खोचलास आणि म्हणालीस, "आदी तिन्ही गावं बघू. पोरं तिथं वाढायची हायत. बैल घेताना चार बाजार हिंडता, आन् पोरांचं गाव न बघताच ठरवता व्हय?"

मग एस.टी.नं आपण गावं बघत फिरलो. यशू माझ्या मांडीवर, राहुल तुझ्या कुशीत. लोक लग्नासाठी स्थळं बघतात, तशी आपण गावं बघितली!

वाई मला आवडली होती. देवळं, शाळा, घाटाला लागून संथ पाणी. तू यशूचे पाय धुवायला पायरीवर वाकलीस. वरच्या पायरीवर तांब्याची कळशी घेऊन एक बाई उभी होती. तुझ्या लुगड्याकडं, माझ्याकडं बघून गोड आवाजात म्हणाली, "बाई, जरा खालच्या अंगाला जा की." तू विचारलंस, "का? इथं पाणी खोल हाय व्हय?" ती हसली. किती छान हसली! "तसं नव्हे हो," म्हणाली. तू यशूचे पाय धुतलेस, सावकाश, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, आणि मगच उठलीस. परतीच्या गाडीत एवढंच बोललीस, "नदी लय चांगली हाय. नदीचा काय दोष न्हाई."

कराड तर तू बघितल्यासारखंही केलं नाहीस. अक्कानं आपल्याच वस्तीत खोली बघून ठेवली होती. तू तिला म्हणालीस, "वन्सं, गावातनं उठायचं आन् दुसऱ्या गावात जाऊन पुन्हा वेशीबाहेरच बसायचं, तर मग उठायचं कशाला?" अक्का अजून ते विसरलेली नाही.

आणि मग सांगली. विश्रामबागेत रुंद रस्ता, दोन्ही अंगांना झाडं, नवे नवे बंगले, पुढं कॉलेज. दोन वेण्या घातलेली एक मुलगी सायकलवरून घंटी वाजवत गेली, आणि तू माझा दंड धरलास. "आवं, बघा की! यशू आशी जायला पायजे." झालं. गाव ठरलं. एका सायकलवरच्या पोरीवर भाळून तू गाव ठरवलंस, तारा! तिच्या घरचे लोक कसे आहेत ते नको होतं का विचारायला?

माझा रोज खांबावर चढायचा धंदा. वर चढलं की सगळी वस्ती दिसते. कुणाच्या माडीच्या खिडक्या बंद आहेत, कुणाच्या गच्चीवर कपडे वाळत नाहीत, ते मला खालच्या माणसांच्या आधी कळायचं. हेरून ठेवायचं आणि रविवारी तुम्हा तिघांना घेऊन विचारायला जायचं. खांबावर असताना हीच माणसं मला चहा पाठवायची, "जपून हो," म्हणायची. खाली उतरून जागा मागितली की आडनाव विचारायची. आडनावावरून उमगलं नाही तर गाव. गावावरून उमगलं नाही तर, "तुमचं कुलदैवत कोणतं?" भाड्याच्या खोलीला कुलदैवत कशाला लागतं? सगळ्या जातींचे घरमालक बघितले. एरवी एकमेकांच्या घरचं पाणी पिताना तोंड वाकडं करणारी माणसं, पण आपल्या बाबतीत सगळ्यांचं एकमत!

एकजण तर म्हणाला, "जागा कालच दिली." दोन दिवसांनी मी त्याच्याच दारासमोरच्या खांबावर होतो. माडी रिकामीच. तो वर बघून हात हलवत होता, आणि हसत होता. वरून त्याच्या टकलावर थुंकावंसं वाटलं होतं. तुला हे तेव्हा सांगितलं नव्हतं.

माझ्या बरोबरीचा एक लाईनमन, चांगला माणूस, त्यानं सुचवलं, "मुलीचं नाव यशोधरा सांगू नका. यशोदा सांगा. एखाद्या-दोन अक्षरांचा तर फरक." खात्यानं दिलेल्या तात्पुरत्या खोलीवर येऊन मी तुला सांगितलं. तू राहुलला दूध पाजत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "घरात यशोधरा आन् दारात यशोदा? मग शाळेत गुरुजींनी हाक मारली तर पोरीनं कुठल्या नावाला व्हय म्हणायचं?" तो विषय तिथं संपला.

अण्णांच्या घरचा तो रविवार तुला आठवत असेलच. माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, किती मायेनं आत घेतलं होतं! माडी दाखवली, मोरी दाखवली, गच्चीवरून मिरजेच्या बाजूचं रान दाखवलं. यशूच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला, गाल कुरवाळला. "नाव काय गं तुझं, चिमणे?"

"यशोधरा धोंडिराम!" पोरगी खणखणीत बोलली. "आन् ह्यो राहुल."

माईंचा हात गालावरून निघाला. फार हळू निघाला, कुणाला दिसू नये असा. पण तुला दिसला, मला दिसला. अण्णा खाकरले. "आम्ही विचार करून कळवतो."

तू म्हणालीस, "आत्ताच सांगा की."

माई म्हणाल्या, "आमचं काही नाही हो. आम्ही असलं काही मानत नाही. पण घरात देव आहेत."

"मग देवालाच इचारून या," तू म्हणालीस. "आमी थांबतो."

आणि तू खरंच ओट्यावर बसलीस! मी उभा. संताप असा की यशूच्या हातातला लाडू हिसकावून रस्त्यावर भिरकावणार होतो. तू माझा हात धरलास. "ऱ्हाऊ दे. पोरीनं काय केलंय? खा गं यशू, बसून खा. सांडू नगंस." यशू शेवटचा कण संपेपर्यंत खात बसली. आतून कुणी आलं नाही. दाराचा अडसर पडल्याचा आवाज तेवढा आला. दिवसाढवळ्या! आपण काय दरोडा घालायला आलो होतो?

शेवटी जागा मिळाली ती रुळांच्या पलीकडं, हवालदारांची. मुसलमान माणूस, लढाईवर जाऊन आलेला, एका कानानं बहिरा. त्यानं एवढंच विचारलं, "पलटण कौनसी?" आणि किल्ली दिली. दोन खोल्या, वर पत्रा. आगगाडी गेली की भांडी वाजायची आणि वाळत घातलेल्या धुण्यावर कोळशाची काजळी. तू एकदाही कुरकूर केली नाहीस. तुला पाहिजे होती ती शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती, बस्स.

शाळेला जायला रुळांकडनं जवळची वाट होती. तरी तू रोज यशूला अण्णांच्या फाटकावरून न्यायचीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "रस्ता काय त्यांच्या बापाचा हाय?" धुवट लुगडं, केस चोपून बसवलेले, पोरीच्या वेणीला रिबीन, आणि चाल कशी? जणू गावचा पाटील शेत बघायला निघालाय! माई फाटकाशी फुलं तोडत असल्या तर तू मुद्दाम थांबून विचारायचीस, "बरं हाय नव्हं, माई?" त्यांना उत्तर द्यावंच लागायचं.

आणि मग तो मुदतीचा ताप. हवालदारानं टांगा आणला. दवाखान्यात जागा मिळाली, औषधं मिळाली, पण तू राहिली नाहीस. ज्या रस्त्यानं तू रोज ताठ मानेनं जायचीस, त्या रस्त्यावरचं एकही माणूस आलं नाही. हवालदाराची बायको पोरांना पोटाशी घेऊन झोपायची. अक्का आली ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "सांगलीचा हट्ट केला नसता तर जगली असती." मला त्या दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीचीही किळस आली. ताप काय गाव बघून येतो?

तर आज अण्णा आले. पांढरं धोतर, हातात छत्री. मी खुर्ची दिली. खुर्चीवर हात फिरवून मग बसले. यशूनं स्वतः चहा केला होता. "उपास आहे," म्हणाले. आज शनिवार, म्हटलं असेल. पण बोलता बोलता तोंडात पान होतं! पानाला उपास चालतो आणि आपल्या चहाला चालत नाही.

म्हणाले, "बाई गेल्याचं कळलं. फार वाईट झालं. आमची ही म्हणते, किती नीटनेटकी होती, आपल्यातली वाटावी अशी."

आपल्यातली वाटावी अशी! तारा, तू गेल्यावर तुला त्यांनी त्यांच्यात घेतलं!

 मग अण्णा मुद्द्यावर आले. मुलगा मुंबईला, घरात दोघं म्हातारी, वस्तीत चोऱ्या वाढल्यात. घरात एक पलटणीतला धडधाकट माणूस असावा. शिवाय टेलिफोन घ्यायचा आहे, खात्यातलं माणूस घरातच असलेलं बरं. "माडी रिकामी आहे. तुम्ही या."

मी म्हटलं, "त्या वेळी देव होते ना घरात?"

ते हसले. ते हसू, तारा! वाईच्या घाटावरचंच. "अहो, तेव्हा संसार होता तुमचा. बाईमाणूस आलं की चूल आली, मोरी आली, वास आले. आमच्या हिला ते चाललं नसतं. आता तुमचं तसं काही राहिलं नाही. खानावळीत जेवा, वर येऊन झोपा. मुलं बहिणीकडे ठेवा कराडला, तिथं त्यांना त्यांची माणसं आहेत. एकट्या पुरुषाचं कोण काय विचारतंय?"

म्हणजे समजलं का तुला? तू मेलीस म्हणून मी शुद्ध झालो. पोरं टाकली की आणखी शुद्ध होईन. तुझी चूल विझली ती त्यांना सोयीची झाली. आणि हे सगळं तो माणूस मला उपकार करतोय अशा आवाजात सांगत होता! यशू कपबशी हातात धरून तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मी ओरडलो नाही. उठून उभा राहिलो आणि म्हटलं, "अण्णा, छत्री घ्या."

"विचार करून कळवा," ते म्हणाले.

"कळवलं की," मी म्हटलं.

ते गेल्यावर मला काय झालं सांगू? ती खुर्ची मला धुवावीशी वाटली. खरंच. बादली भरून आणली, फडकं भिजवलं. अंगावर पाल पडल्यासारखं वाटत होतं. यशू माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत बघितलं आणि हात थांबला. मी काय शिकवत होतो तिला? माणूस बसून गेला की जागा धुवायची, हे? ते त्यांचं काम. तेच त्यांना जन्मभर करू दे! बादलीतलं पाणी हवालदाराच्या पेरूला घातलं आणि त्याच खुर्चीवर बसून गार झालेला चहा मी प्यायलो. यशू मग माझ्या मांडीवर येऊन बसली. रिकाम्या कपात डोकावून बघितलं तिनं. मग म्हणाली, "बाबा, साखर जास्त पडली का?"

आता तुला वचन देतो, तारा. हे गाव चांगलं आहे असं मी तुला खोटं सांगणार नाही. मला याचा वीट आलाय, यातल्या गोड हसण्याचा आणि गोड बोलण्याचा सगळ्यात जास्त. पण शाळा त्यांच्या बापाची नाही, रस्ताही नाही. पोरं कराडला जाणार नाहीत. दोघंही माझ्याजवळ, इथंच वाढतील. भाकरी थापायला शिकतोय, अजून चारी बाजूंनी फाटते. राहुल त्याला नकाशा म्हणतो. शिकेन.

उद्या रविवार. बाजारातनं चांगली सुकट आणणार आहे. चुलीवर खरपूस भाजीन, दार-खिडक्या सताड उघडून. वारा रुळांवरून विश्रामबागेकडं वाहतो. वाहू दे!

तुझाच,
धोंडिराम