खोबरेल, डोलकाठी आणि रेवती

२ जानेवारी
संकल्प एकच. २६ जानेवारीला रेवतीला बोटीतून फिरवून आणायचं. ती दिवाळीपासून मुलुंडला बहिणीकडे आहे. तात्पुरती. शेवटचं भांडण मार्व्याच्या किनाऱ्याला, आमच्या छोट्या शिडाच्या बोटीतच झालं, कारण शीड अर्ध्यावर अडकलं. डोलकाठीच्या मागे उभी खाच असते, तिला ट्रॅक म्हणतात. त्यातून शिडाचे स्लायडर वर सरकतात. ट्रॅकमध्ये मळ, मीठ, वाळू. म्हणजे बिघाड आमच्यात नाहीच, ट्रॅकमध्ये आहे. ट्रॅक सुधारला की रेवती घरी. सोपं आहे.

५ जानेवारी
व्हिडिओ पाहिले. सगळे म्हणतात साबणाच्या पाण्याने ट्रॅक घासा, कोरडा करा, मग काहीतरी सुकं लावा. रेवतीही दरवर्षी तेच करायची: जुना टूथब्रश, साबण, वरून मेणबत्ती. दोन तास जायचे. मी ऑफिसात प्रोसेस इम्प्रूव्हमेंट बघतो. दोन तास हा वेस्टेज आहे.
आपल्याकडे दाराच्या कडीपासून डोक्यापर्यंत सगळं खोबरेलावर चालतं. शीडही चालेल.

६ जानेवारी, दुपार
मालाडहून रिक्षाने मार्वे. ट्रॅकमध्ये अख्खी बाटली ओतली. आधी घासलं नाही, तेल स्वतःच मळ काढतं. भर उन्हात ट्रायल. शीड सरसर वर! मार्व्याच्या बोटींची देखभाल करणारा नितेश म्हणाला की साहेब, वास तर झकास येतोय, पण याच्यावर रेती चिकटेल ना. त्याला म्हटलं, बघ तू.
रेवतीला तेलाने चकाकणाऱ्या ट्रॅकचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिक्स आल्या. म्हणजे नीट पाहिला.

१४ जानेवारी
तिळगूळ घेऊन मुलुंडला. दार अनुपमाने, म्हणजे मेहुणीने उघडलं आणि चहाचं विचारलं नाही. घाईत असेल. रेवतीने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाली की गोड नको बोलूस रे, थोडं कमी बोल. मी खूप हसलो. तिची विनोदबुद्धी शाबूत आहे, चांगलं लक्षण. २६चं सांगितलं. म्हणाली, बघू.
चौदा वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे. तिचं ‘बघू’ म्हणजे होच.

१९ जानेवारी
नितेशचा फोन. डोलकाठीला मुंग्या लागल्यात, वरपर्यंत रांग आहे. तेल शुद्ध असल्याचा पुरावा.
तिची उशी उन्हात ठेवली.

२५ जानेवारी
कडाक्याची थंडी. म्हणजे मुंबईच्या मानाने. आंघोळीआधी खोबरेलाची बाटली गरम पाण्यात ठेवावी लागली, आतलं सगळं पांढरं घट्ट. उद्या वारा मस्त सुटणार. ट्रॅकची काळजी नाही.

२६ जानेवारी, सकाळ
पावणेसात. मार्वे. ती यायच्या आत एकदा शीड वर करून ठेवावं म्हटलं.
तेल थिजलंय.
शीड अर्ध्यावर. वरही जात नाही, खालीही येत नाही. नितेश म्हणाला की वाट लागली ना साहेब. त्याला चहा आणायला पाठवलं.

२६ जानेवारी, संध्याकाळ
रेवती आली. एकटी. ट्रॅकमधलं पांढरं बोटाने खरवडलं, वास घेतला आणि हसत सुटली. हसता हसता वाळूत बसली. ते हसू मी किती महिन्यांनी ऐकलं. मीही हसलो आणि माझे डोळे भरून आले.
तिच्या पर्समध्ये टूथब्रश, साबण आणि मेणबत्ती होती. फोटो पाहूनच तिला कळलं होतं म्हणे. ट्रॅक हाताशी यावा म्हणून बोट कुशीवर कलंडवली. नितेशने टपरीवरून गरम पाणी आणलं. तिने तेल, मुंग्या, वाळू सगळं घासून काढलं, मी डोलकाठी धरून बसलो. तिच्या जुन्या ओढणीने ट्रॅक पुसला. कोरडा झाल्यावर मेणबत्ती फिरवली. दोन तास लागले. इतके चांगले दोन तास वर्षभरात गेले नव्हते.
बोट सरळ केली. शीड एका दमात वर.
मी म्हणालो की चल, एक फेरी मारू आणि घरी जाऊ. ती म्हणाली की चैतन्य, मी विशाखापट्टणमला बदली मागून घेतली, एक तारखेला निघतेय. मी म्हणालो, किती दिवसांसाठी? ती म्हणाली की मी परत येणार नाही रे, तुलाही माहितीये. मग आलीस कशाला, विचारलं. म्हणाली की तू वर्षभर या ट्रॅकशी भांडत बसला असतास, मला बघवलं नसतं. आता एकट्याने करायला शिक. साबण, कोरडं, मेणबत्ती. बस.
पुढच्या वर्षी येशील का, असंही विचारलं. नाही म्हणाली. ‘बघू’ नाही म्हणाली.

१ फेब्रुवारी
तिची फ्लाइट सकाळची होती. घरात बसवेना, म्हणून मार्व्याला गेलो.
शीड वर केलं. अडकलं असतं तर तिला फोन करायला निमित्त मिळालं असतं. तीनदा वर-खाली करून पाहिलं.
अडकतच नाही.