नातीच्या झोपेचा बंदोबस्त

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे भरभरून आशीर्वाद. तू, तुझे यजमान आणि तुमची ती भांडकुदळ मांजर सुखरूप असाल असं धरून चालते. मी बरी आहे. म्हणजे बरी नाही, पण ते वाचून तू तिथे बसून काय करणार, म्हणून बरी आहे. अक्षर लागलं नाही तर पुढचं वाच, तिथे लागेल. आणि पत्राला खास कारण नाही, उगाच घाबरू नकोस.

माझी नात खाणीत डंपर चालवते हे तुला ठाऊक आहेच. (तिचे आईबाप बदलीच्या गावी मजेत, आणि पोरीची उस्तवार या वयात माझ्या गळ्यात.) डंपर म्हणजे रस्त्यावर वाळू सांडत जातो तो नव्हे. याचं एक चाक माझ्या डोक्याच्याही वर जातं आणि बसायच्या जागेपर्यंत चढायला शिडी आहे. तर ही बया तो सुरू करण्याआधी त्याच्याभोवती पायी फेरी मारते. टायरला चीर पडली आहे का, नट सैल आहेत का, खाली तेल ठिबकतंय का, आरसे पुसलेत का. मग वर चढून ब्रेक, स्टिअरिंग, पट्टा, हॉर्न, मागे घेतानाचा भोंगा. मला बघायला आलेल्या मंडळींनीही मला एवढं निरखलं नव्हतं, आणि निरखलं असतं तर बरं झालं असतं, दोन्हीकडचा त्रास वाचला असता.

पण गाडीच्या आधी चालवणारीची तपासणी. गेटाजवळच्या खोलीत कंपनीची नर्स बसते. ती नळीत फुंकायला लावते, डोळे बघते आणि विचारते, झोप झाली का? (आपण जन्मभर अर्धवट झोपेत चूल पेटवली, कुणी विचारलं?) सगळे ड्रायव्हर झाली म्हणतात आणि आत जातात. आमचं रत्न म्हणालं, नाही झाली. दिली परत पाठवून. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. आणखी एकदा असं झालं तर डंपर काढून घेणार आणि ऑफिसात बसवणार. ज्या डंपरसाठी पोरगी बापाशी वर्षभर बोलली नाही, तो डंपर!

मी म्हटलं, अगं, झाली म्हणायचं, तुझ्या पापण्या उचलून कोण बघतंय? तर उंबऱ्यावर बसून बूट काढता काढता तिने शांतपणे एक गोष्ट सांगितली. मागच्या महिन्यात फेरी मारताना तिला मागच्या चाकाच्या सावलीत एक फिटर झोपलेला दिसला, तोंडावर हेल्मेट ठेवून. वर बसल्यावर तिथलं काहीच दिसत नाही. म्हणाली, "आजी, त्या दिवशी मी पेंगत असते ना, तर अर्ध्या फेरीतच वर चढले असते." मी तिचे बूट उचलून जागेवर ठेवले. हे माझ्या हातून सहसा होत नाही, तू जाणतेसच.

तेव्हापासून तिच्या झोपेचा ठेका मी घेतला. सध्या तिची रात्रपाळी, म्हणजे झोपणार दिवसा, आणि घर दोन खोल्यांचं. मी बेलमध्ये चिंधी कोंबली. गळक्या नळाखाली फडकं ठेवलं. कुकरची शिट्टी नको म्हणून सगळं उघड्या पातेल्यात शिजवते. गॅस जळतो, मी जळते. दूधवाल्याला हाक मारू नकोस म्हटलं तर मेला शीळ घालायला लागला. वरच्या मजल्यावरचा भिंतीला ड्रिल लावून बसतो (एवढ्या भोकांत हा काय टांगतो देव जाणे), त्याला जिन्यात गाठून गप्प बसण्याचं महत्त्व असं काही समजावलं की नातच उठून बाहेर आली आणि आम्हा दोघांना गप्प केलं. शेवटी तिच्या दाराशी खुर्ची टाकली आणि काठी घेऊन दुपारभर पहाऱ्याला बसायला लागले. मुंगीची टाप नव्हती आत शिरायची. तरी संध्याकाळी पोरीचे डोळे लालच लाल!

काल ती नर्स घरी आली. ड्रायव्हरची झोप होत नसेल तर घरात कसला त्रास आहे ते बघतात म्हणे. मी पहाऱ्यावर होते. डोळे मिटलेले होते, पण ते कानाने नीट ऐकू यावं म्हणून. उघडले तर बाई स्वयंपाकघरात चहा पीत बसलेल्या, आणि करून दिला कुणी? जिच्या झोपेसाठी मी जिवाचं रान करते तिने! दोघी कुजबुजत होत्या, माझ्या कानावर एवढंच आलं, "या आवाजात कोण झोपेल?" मला बघून गप्प. बाई म्हणाल्या, "आजी, फार दमता तुम्ही. चार दिवस कुठे जाऊन या ना." एवढंच. आवाज कसला ते त्याही बोलल्या नाहीत, हीही बोलली नाही. असो. दमले मी. पत्र पुरे करते.

तुझी,
थोरली

ता. क. आवाज कसला ते कळलं. बाईंनी तो मोबाईलवर धरून नातीला पाठवला होता, मी तिला धमकावून ऐकला. मी म्हटलं, बघ, म्हटलं नव्हतं मी, वरच्याचं ड्रिल! ती म्हणाली, "आजी, वरचे काल गावाला गेले होते."

दुसरा ता. क. सोमवारच्या गाडीने तुझ्याकडे येते. तिची रात्रपाळी संपेपर्यंत राहीन. मी घोरत नाही. मोबाईल नाकाशी धरला तर कुणाचाही श्वास तसाच ऐकू येईल. तरी तुझ्या यजमानांना ऐकू कमी येतं, तेव्हा माझ्या शेजारच्या खोलीत त्यांना झोपव, तू माळ्यावर झोप.

तिसरा ता. क. पोरगी मला सोडायला तयार नाही. म्हणते, तू जाऊ नकोस, मी कानात बोळे घालीन. म्हणून सांगितलंय की तुझी कंबर धरली आहे आणि तू रडून बोलावलं आहेस. ती खात्रीला फोन करील. घेशील तेव्हा कण्हत घे, आणि मन लावून कण्ह. आमची पोरगी वरवरच्यावर विश्वास ठेवत नाही.