मिश्रीच्या डबीतल्या गोळ्या

निपाणी
१८ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव शामूस जयाआक्काचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. सांबऱ्याला तुझी भातकापणी उरकली असेल. माझं विड्या वळणं चालू आहे, पण बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. तुझ्या भाचीला, प्रियदर्शनीला पाचवा महिना लागला. तुला कळवायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मीच कळवलं नाही.

तिच्या लग्नात मी तुला मांडवाबाहेर पत्रावळीवर वाढलं. आत सगळ्यांना स्टीलची ताटं होती. "लोकं काय म्हणतील रं," एवढंच बोलले. तू जेवलास आणि पत्रावळ स्वतः उचलून नेलीस.

शामू, तू घेतोस तीच एचआयव्हीची गोळी मी दोन वर्षं घेते आहे. तुझे दाजी काविळीनं गेले नाहीत. हे फोनवर तोंडातून निघालं नसतं.

बाटली खुळखुळते, सौरव विचारील, म्हणून गोळ्या दात घासायच्या तंबाखूच्या, मिश्रीच्या डबीत ठेवायचे. आईच्या मिश्रीला कोण हात लावतो? पावसाळ्यात त्या सादळल्या. बऱ्याच टाकाव्या लागल्या. नव्या मागायची लाज वाटली, म्हणून उरलेल्या दिवसाआड घेतल्या. आता रक्तात विषाणू वाढलाय.

निपाणीत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून मी बेळगावच्या दवाखान्यात जाते. तिथल्या सत्यवती मॅडमनी डबी बघितली. रागावल्या नाहीत. पेशंटांना कसलं औषध आवडेल, असं विचारायचा त्यांच्याकडे एक कागद होता.

"आक्का, दोन महिन्यांतनं एकदा टोचायचं इंजेक्शन आलं, तर ते घेशीला का रोजची गोळी?"

"इंजेक्शनच."

"का वो?"

"घरात बाटली दिसाय नको."

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "ते यील तवा यील. तवर गोळी रोज, आन् बाटलीतच ठेवाय पायजे. बाटली उघडी ठिवता यील असं एक तर घर हाय का तुमाला?"

तुझ्या घरी बाटली देव्हाऱ्याशेजारी उघडी असते. मी आले होते तेव्हा तीसुद्धा तुला आत ठेवायला लावली होती. तरी मला दुसरं घर आठवलं नाही.

रविवारी नवी बाटली घेऊन येते. सौरवला सांगायचा धीर होईतो राहीन म्हणते. तुझ्या बाटलीशेजारी माझी ठेवू देशील का? जेवायला पत्रावळ मांडलीस तरी चालेल. माझी मी उचलीन.

आक्का म्हणवून घ्यायला लाजणारी,
जया